शिकाऊंची अर्ध्या तासाची भाकरी

तरुण पिढीच्या खाण्यापिण्याच्या सवयी बिघडल्या आहेत, ही तक्रार हल्ली मंत्र्यांच्या भाषणांपासून आरोग्यविषयक सदरांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. न्याहारी टाळू नये, जेवण वेळेवर घ्यावे, घास सावकाश चावावा, तळलेले वर्ज्य करावे, भरड धान्ये आहारात आणावीत, असा उपदेश अखंड चालू असतो. २०२३ हे वर्ष तर जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणूनच साजरे झाले. ज्वारी-बाजरीची महती खरीच. ती कळण्यासाठी महाराष्ट्रातील कष्टकऱ्याला कोणत्या वर्षाची वाट पाहावी लागली नव्हती. प्रश्न निराळाच आहे. ज्याच्याजवळ डबा आहे पण तो उघडण्यास वेळ नाही, आणि वेळ मिळालाच तर डब्यासाठी पैसा नाही, त्याला सवयींचा उपदेश करणे म्हणजे तहानेने व्याकुळ झालेल्यास पाणी गाळून पिण्याचे महत्त्व पटवून देण्यासारखे आहे.

हा प्रश्न आज सर्वांत तीव्रतेने कोणाच्या पोटाशी भिडतो, तर तो शिकाऊंच्या. आय.टी.आय.ची परीक्षा देऊन चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीच्या कारखान्यांत उमेदवारी करणारा मुलगा. साडेचार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण संपवून रुग्णालयात सक्तीची एक वर्षाची आंतरवासिता करणारा इंटर्न. सनदी लेखापालाच्या कचेरीत आर्टिकलशिप करणारी मुलगी. आणि अलीकडे सरकारी योजनांतून ग्रामपंचायतीत वा खाजगी आस्थापनेत रुजू झालेला प्रशिक्षणार्थी. यांची कामे भिन्न, घरची परिस्थिती भिन्न, स्वप्नेही भिन्न. परंतु एका बाबतीत ही सारी मंडळी एकाच पंगतीची आहेत. किंबहुना एकाच पंगतीतून उठवली गेलेली आहेत. त्यांच्याकडून काम घेतले जाते ते कामगाराचे. आणि हक्काचा प्रश्न निघाला की त्यांना ऐकवले जाते, ‘तुम्ही तर अजून शिकता आहात.’

ताण येतो कोठून?

‘ताण’ हा शब्द आज फार सैलपणे वापरला जातो. जणू तो हवेतून येतो आणि प्राणायामाने जातो. वस्तुतः शिकाऊच्या ताणाचे मूळ केवळ कामाच्या ओझ्यात नाही. ते त्याच्या स्थानात आहे. कायम कामगाराला काढायचे तर नोटीस, चौकशी, संघटना अशा काही पायऱ्या मालकाला चढाव्या लागतात. शिकाऊच्या बाबतीत वरिष्ठाची एक सही अडली तरी पुरे. इंटर्नच्या नोंदवहीवर सही झाली नाही, तर त्याची मुदत वाढते आणि कायम नोंदणी लांबते. कारखान्यातील उमेदवाराला पुढे कामावर ठेवून घेतील की नाही, हे पर्यवेक्षकाच्या मर्जीवर ठरते. ज्याचे भवितव्य असे दुसऱ्याच्या लेखणीच्या टोकावर लटकलेले असते, तो वरिष्ठ उठल्याशिवाय जेवायला उठत नाही; आणि वरिष्ठ उठतो तेव्हा मागे राहिलेले काम शिकाऊवर सोपवूनच उठतो. भूक लागली हे सांगणे म्हणजे आपण या कामास लायक नाही अशी कबुली देणे, अशी समजूत मनात घर करते. हा ताण केवळ मानसिक नाही. सत्ता कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, याचा तो शरीरावर उमटलेला ठसा आहे.

एखाद्या मोठ्या शासकीय रुग्णालयातील इंटर्नचा दिवस पाहावा. वरिष्ठांचा राउंड सुरू होण्यापूर्वी वॉर्डातील रुग्णांचे रक्त काढून नमुने प्रयोगशाळेत पोहोचवायचे असतात. म्हणून न्याहारी राहते. राउंड संपला की तपासण्यांचे कागद, ड्रेसिंग, सलाईन, बाह्यरुग्ण विभाग. वॉर्डबॉय अपुरे असले तर एक्स-रेसाठी रुग्णाची ट्रॉली ढकलणेही. मेसमधील दुपारचे जेवण संपण्याच्या बेतात असते तेव्हा अपघात विभागातून बोलावणे येते. रात्रपाळीत तर मेसही बंद आणि कँटीनही बंद. उरते ती दाराबाहेरील टपरी : चहा, वडापाव, मॅगी, बिस्किटे, आणि झोप उडवण्यासाठी पुन्हा चहा. अनेक ठिकाणी मुलींना स्वतंत्र, स्वच्छ प्रसाधनगृह आणि बसण्याची खोली नसते. मग त्या पाणी पिणेच कमी करतात. दिवसभर मधुमेहाच्या रुग्णांना ‘जेवणाची वेळ चुकवू नका’ असे बजावणारा हा तरुण डॉक्टर स्वतः मात्र दिवसाचे पहिले धड जेवण रात्री अकराला घेतो. यात त्याचा आळस कोठे आहे, आणि सवय कोठे आहे?

शरीराचा हिशेब

शरीरशास्त्र याविषयी काय सांगते, तेही कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. अकस्मात संकट उभे राहिले की शरीर ॲड्रेनलिनच्या जोरावर भूक दाबून ठेवते. पळणाऱ्या माणसाला पचनाची चैन परवडत नाही. परंतु ताण दिवसामागून दिवस टिकून राहिला, की कॉर्टिसॉल नावाचा स्राव वाढलेला राहतो आणि गोड, तेलकट, झटपट ऊर्जा देणाऱ्या पदार्थांची ओढ वाढते. दुपारी भूक मेली आणि मध्यरात्री अनावर झाली, या अनुभवाचे मर्म येथे आहे. त्यात जागरणाची भर पडते. शिकागो येथे झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ ४ तास झोपू दिले आणि त्यांची तुलना १० तासांच्या झोपेशी केली. अपुऱ्या झोपेनंतर तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, भूक चेतवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले, आणि भुकेची जाणीव सुमारे पाव पटीने वाढली. ओढ निर्माण झाली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. हे सारे अवघ्या दोन रात्रींत! ज्याच्या वर्षभराच्या रात्रीच मोडलेल्या असतात, त्याच्या वडापावला ‘वाईट सवय’ म्हणणे हे विज्ञानालाही धरून नाही.

या प्रश्नाचे टोक किती भयंकर असू शकते, हे २०२४ मध्ये पुण्यात दिसले. एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेच्या पुणे कार्यालयात रुजू होऊन चार महिनेच झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल जुलै महिन्यात मरण पावली. ती शिकाऊ नव्हती, उमेदवारी पूर्ण करून पहिल्या नोकरीच्या उंबरठ्यावर उभी होती. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखाला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. मृत्यूपूर्वी काही दिवस मुलीच्या छातीत दाटून येत होते. हृदयतज्ज्ञाने तपासून सांगितले की हृदयाचा आलेख ठीक आहे, पण झोप पुरेशी नाही आणि जेवण फार उशिरा होत आहे. आणि आम्लपित्ताची औषधे दिली, असे त्या पत्रात आहे. मृत्यूचे वैद्यकीय कारण ठरवणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु ‘फार उशिरा जेवण’ हे निदान वैद्याने केले, तरी त्यावरील उपचार वैद्याच्या हाती नव्हता. तो कामाचे तास ठरवणाऱ्यांच्या हाती होता. पुढे राज्याच्या कामगार खात्याच्या पाहणीत त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच झालेली नसल्याचे आढळले.

अशा कचेऱ्यांतील एक रीत लक्षात घेण्यासारखी आहे. दुपारी जेवणासाठी उठणाऱ्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहिले जाते. परंतु रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्याला जेवण संस्थेच्या खर्चाने मागवता येते. म्हणजे जेवणाचा हक्क नाही, पण जादा कामाचे आमिष म्हणून जेवण आहे. वेतनाच्या पुस्तकात न दिसणारा हा जादा श्रम एका पिझ्झाच्या किमतीत विकत घेतला जातो, आणि वर त्याला ‘काळजी’ असे नाव दिले जाते.

दोनशे रुपयांचा दिवस

वेळेनंतर पैशाचा प्रश्न. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत त्याच वर्षी ५,००० रुपये ठरले. त्यांतील ४,५०० सरकारचे, आणि देशातील अग्रगण्य ५०० कंपन्यांच्या खिशातून जायचे ते केवळ ५००! सहा हजार म्हणजे दिवसाचे २०० रुपये. पुण्यासारख्या शहरात दोन वेळच्या डब्यालाच महिन्याला तीन हजारांच्या आसपास लागतात. उरलेल्या तीन हजारांत खोलीच्या भाड्याचा वाटा, प्रवास, मोबाईल, साबण आणि गावी पाठवायचे काही, हे सारे बसवायचे. मग पहिली कात्री लागते ती डब्याला. दोन वेळचा डबा एक वेळचा होतो. दुसरी वेळ पोहे, समोसा आणि चहावर निभावते. विद्यावेतन वेळेवर आले नाही, तर तीही वेळ उधारीवर जाते.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील इंटर्नचे विद्यावेतन २०२४ मध्ये ११,००० वरून १८,००० झाले, ही गोष्ट स्वागतार्हच. पण ते आपोआप झाले नाही, त्यासाठी इंटर्नना पुनःपुन्हा संपाची हाक द्यावी लागली. संघटनेशिवाय पानात काही वाढले जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१८८४ ची मागणी

आता कायद्याकडे वळावे. १८८४ च्या सप्टेंबरात, महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजारांच्या घरात कामगारांनी आपल्या मागण्यांच्या अर्जाला पाठिंबा दिला. त्या मागण्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर एक मागणी होती : दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी द्या. यंत्राजवळ उभ्यानेच चार घास कोंबणाऱ्या माणसाने बसून खाण्याचा हक्क मागितला होता. १८९१ च्या कारखाना कायद्यात दुपारच्या अर्ध्या तासाची तरतूद आली. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास मनाई केली, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली, आणि अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कँटीनचे बंधन घातले.

हा अर्धा तास शिकाऊपर्यंत पोहोचला काय? १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचे १८ वे कलम स्पष्ट म्हणते की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. १४ व्या कलमाने कारखाने कायद्यातील आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांविषयीची तीन प्रकरणे शिकाऊंना लागू केली. कँटीन कल्याणाच्या प्रकरणात येते. म्हणून कँटीनचे दार त्यांना उघडे झाले. परंतु अर्ध्या तासाची विश्रांती ज्या प्रकरणात आहे, ते कामाच्या तासांचे प्रकरण त्या यादीत नाही! तासांची व्यवस्था नियमांवर सोपवली होती. १९९२ च्या नियमांनी आठवड्याचे ४२ ते ४८ तास घालून दिले आणि रात्री १० ते पहाटे ६ या वेळेत परवानगीशिवाय शिकाऊला कामास लावू नये असे म्हटले. २०१४ च्या दुरुस्तीने मात्र कलमच बदलले, आणि शिकाऊचे दैनिक व साप्ताहिक तास ठरवण्याचा अधिकार मालकाच्या हाती दिला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या वेतनसंहितेनेही कामगाराच्या व्याख्येतून शिकाऊला बाहेरच ठेवले आहे. थोडक्यात, जेवणाची खोली कायद्यात आहे; तेथे जाण्याचा वेळ मालकाच्या मर्जीत आहे.

यावर असे म्हटले जाईल की प्रत्यक्षात पाळीचा भोंगा सर्वांसाठी एकच वाजतो, आणि मोठ्या कारखान्यांतील शिकाऊ इतरांबरोबरच जेवतो. हे खरे आहे. चाकणच्या एखाद्या मोठ्या कारखान्यातील कँटीनची थाळी हे पाच-सहा जणांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचे दिवसातील सर्वांत चांगले अन्न असते, हेही खरे. परंतु ही थाळी त्याला मिळते ती कायम कामगारांच्या संघटनेने पूर्वी लढून मिळवलेल्या व्यवस्थेच्या सावलीत. त्याच रस्त्यावरील सुटे भाग बनवणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये ना संघटना असते, ना कँटीन. तेथे शिकाऊ यंत्राशेजारी उभ्यानेच डबा उरकतो. १८८४ पूर्वीचा गिरणीकामगार तेथे आजही उभा आहे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली, हे ध्यानात घेतले म्हणजे हा रोख केवळ शिकाऊंवर नाही, हेही उमगते.

खानावळीचा धडा

गिरणगावाचा इतिहास याबाबत एक धडा देतो. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला गिरणीकामगार दाटीवाटीच्या गाळ्यात राही, पण त्याला खानावळ होती. पगारावर हिशेब करणारी खानावळवाली बाई त्याला दोन वेळचे ताट वाढी. त्याची पाळी तिला पाठ असे. त्या बायांचे स्वतःचे शोषण सावकाराकडून होत होते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. पुण्यात त्याच सुमारास, १९७४ मध्ये, बाबा आढावांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्याला स्वस्त आणि ताजे अन्न मिळावे, हा त्यामागील हेतू. कष्टकऱ्याचे पोट हा त्याचा खाजगी प्रश्न नव्हे, तो संघटनेच्या कार्यक्रमपत्रिकेवरील प्रश्न आहे, ही जाण या दोन्ही उपक्रमांत होती.

आजच्या शिकाऊला खानावळवाली नाही; त्याच्याजवळ मोबाईलवरून अन्न मागवण्याची सोय आहे. परंतु मोबाईल उधारीचे ताट झाकून ठेवत नाही, की ‘आज का रे जेवला नाहीस?’ असे विचारत नाही. आणि ते पार्सल पोहोचवणारा तरुण स्वतः कधी जेवतो, हा प्रश्न तर निराळ्याच लेखाचा विषय आहे.

चळवळीचे उत्तर काय?

काही ज्येष्ठ म्हणतील, शिकताना कष्ट काढावेच लागतात. आमच्या पिढीनेही माधुकरी मागून शिक्षण घेतले. कष्टाला कोणाचा विरोध नाही. पण उपाशी हात चांगले शिकतात, हे कोणत्या शिक्षणशास्त्रात लिहिले आहे? रात्रभर जागलेल्या आणि दुपारपासून न जेवलेल्या इंटर्नने टोचलेली सुई ज्या रुग्णाच्या शिरेत जाते, तो रुग्ण बहुधा गरीबच असतो. इंटर्नच्या जेवणाचा प्रश्न हा त्या रुग्णाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि एक साप्ताहिक सुट्टी सुचवली. ज्या देशात ४८ तासांचा आठवडा ही जुनी मागणी आहे, त्या देशात ७४ तास ही सुधारणा वाटावी, यावरूनच परिस्थिती कोठे पोहोचली आहे ते कळते.

अधिक अवघड आहे ती आपल्याच घरातील टीका. कामगार संघटनांनी शिकाऊला बहुतेक वेळा पाहुणा मानले. वर्षभराने जाणारा हा मुलगा वर्गणी काय देणार आणि संपात काय टिकणार, असा हिशेब झाला. काही ठिकाणी तर कायम कामगारांच्या संपात हाच मुलगा यंत्रावर उभा केला जातो, आणि मग त्याच्यावर रोष धरला जातो. परंतु माणूस बदलत असला तरी जागा कायम असते. गिरणीच्या दारात उभा राहणारा बदली कामगारही एके काळी असाच उपरा मानला गेला होता. आणि १९८२ च्या संपात त्याने कायम कामगाराइतकेच सोसले. त्या चुकीची पुनरावृत्ती आज परवडणारी नाही.

मागण्या साध्या आहेत, आणि सर्वांना समजतील अशा आहेत. शिकाऊ, इंटर्न अथवा प्रशिक्षणार्थी, नाव काहीही असो, सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची भोजनाची सुट्टी हा त्याचा लेखी हक्क असावा. तो वरिष्ठाच्या मर्जीवर असू नये. कँटीनमध्ये कायम कामगाराच्या दराने त्याला जेवण मिळावे, आणि लहान कारखान्यांसाठी औद्योगिक वसाहतीत सामाईक भोजनगृहे असावीत. शासकीय रुग्णालयांत रात्रपाळीच्या डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय या सर्वांसाठी रात्रभर गरम जेवणाची व्यवस्था असावी. विद्यावेतन किमान वेतनाशी जोडावे, आणि ते महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हाती पडावे. कामगार संघटनांनी नाममात्र वर्गणीवर शिकाऊंना सभासद करून घ्यावे.

यांतील शेवटच्या मागणीसाठी सरकारकडे जाण्याची गरज नाही. ज्या कार्यकर्त्यांच्या भागात औद्योगिक वसाहत वा मोठे रुग्णालय आहे, त्यांनी या आठवड्यात तेथील दारासमोरच्या टपरीवर दुपारी तीनला आणि रात्री अकराला जाऊन उभे राहावे. तेथे चहात बिस्कीट बुडवणारे जे तरुण भेटतील, त्यांना विचारधारेचे पत्रक देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : आज जेवण कधी झाले? लोखंड्यांची चळवळ याच प्रश्नातून उभी राहिली होती.